धंद्याचा हिशेब क्लाउडवर न्यायचा, पण त्याची चावी कुणाकडे?

कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याच्या ऑफिसात जा. तिथे एक कॉम्प्युटर असा असतो, ज्याला अकाउंटंटशिवाय कुणी हात लावायचा नसतो. त्यात टॅली असतं, टॅलीत गेल्या दहा-पंधरा वर्षांचा हिशेब असतो आणि बॅकअप म्हणून ड्रॉवरमध्ये एक पेनड्राइव्ह असतो. बाजारात उधारी किती अडकली आहे, हे मालकाला बघायचं असेल तर तो अकाउंटंटला हाक मारतो. अकाउंटंट गावी गेला असेल तर सोमवारपर्यंत थांबतो.

धंदा लहान असताना हे चालून जातं. पण उलाढाल वाढते, दुसऱ्या गावात गोडाऊन होतं, बँक दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट मागते आणि जीएसटीची प्रत्येक तारीख डोक्यावर येऊन बसते. मग सीए सांगतात, "आता क्लाउडवर या." सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे फोनही सुरू होतात.

यायचं की नाही? आणि आलो तर आपला हिशेब नेमका कुणाच्या ताब्यात जातो? समजून घेऊया.

क्लाउड म्हणजे नेमकं काय?

नाव ढगाचं असलं तरी क्लाउड जमिनीवरच असतो. आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरऐवजी दुसऱ्या कुणाच्या तरी डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर आपलं काम चालतं, इतकाच त्याचा अर्थ. अशी अनेक डेटा सेंटर्स आपल्या नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात आहेत.

पण 'क्लाउड' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि इथेच अनेकांची गल्लत होते.

पहिला प्रकार : तुमचं नेहमीचंच सॉफ्टवेअर, पण ते भाड्याच्या सर्व्हरवर टाकलेलं. तुम्ही घरून किंवा दुकानातून इंटरनेटवरून त्या सर्व्हरला जोडून घेता. स्क्रीन तीच, कीबोर्डचे शॉर्टकट तेच, फक्त कॉम्प्युटर दुसरीकडे. 'टॅली ऑन क्लाउड' म्हणून जे विकलं जातं, ते बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरा प्रकार : मुळातच ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर. उदाहरणार्थ झोहो बुक्स किंवा मोठ्या कंपन्यांसाठी ओरॅकल आणि एसएपीची क्लाउड उत्पादनं. इथे सॉफ्टवेअर तुमच्याकडे नसतंच. महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं भरायचं आणि वापरायचं. अपडेट कंपनी करते, सर्व्हर कंपनी सांभाळते.

पहिल्या प्रकारात तुमच्या डेटाची फाइल शक्यतो तुम्हाला ओळखीच्या स्वरूपात परत मिळते. दुसऱ्या प्रकारात ती कशी मिळेल, हे त्या कंपनीने काय सोय दिली आहे त्यावर अवलंबून असतं. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल, पण पुढे तोच महत्त्वाचा ठरतो.

आत्ताच ही चर्चा का?

कारण सरकारला तुमचा हिशेब आता वर्षाच्या शेवटी नाही, बिल फाडताक्षणी हवा आहे.

ई-इन्व्हॉइसिंगचंच बघा. १ ऑक्टोबर २०२० ला ते सुरू झालं, तेव्हा फक्त ५०० कोटी रुपयांपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना बंधनकारक होतं. मग ही मर्यादा १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी उतरत गेली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. म्हणजे तीन वर्षांत ही गोष्ट टाटा-रिलायन्सकडून इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यापर्यंत आणि भोसरीच्या वर्कशॉपपर्यंत पोहोचली.

यातली एक अट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. यंदाची उलाढाल ५ कोटींच्या खाली असली तरी सुटका नाही. २०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात ती मर्यादा ओलांडली असेल, तर दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेल्या प्रत्येक बिलासाठी सरकारी पोर्टलवरून इन्व्हॉइस रेफरन्स नंबर आणि क्यूआर कोड घ्यावाच लागतो. तो नसेल तर ते बिल कायद्याने बिल मानलंच जात नाही. मग तुमच्या गिऱ्हाइकाचं इनपुट टॅक्स क्रेडिट अडकतं आणि तो तुमचं पेमेंट अडकवतो. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीसाठी आणखी एक नियम आला : बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर गेलं नाही, तर पोर्टल ते घेतच नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएसटी पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आली. तुमच्या पुरवठादाराने तुमच्या नावावर टाकलेलं प्रत्येक बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं, ते तिथे सांगायचं असतं. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून जीएसटीआर-३बी मधला आपोआप भरून येणारा देय कराचा आकडाही हाताने बदलता येत नाही. चूक दुरुस्त करायची तर आधीच्या फॉर्ममध्येच करावी लागते.

या सगळ्याचा अर्थ एकच. "मार्चमध्ये बसून बघू" ही सोय संपत चालली आहे. हिशेब रोजच्या रोज लागतो आणि तो पोर्टलशी जुळावा लागतो. ब्राउझरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं खरं बळ इथे आहे. बिल केलं की ते थेट पोर्टलशी बोलतं, बँकेच्या नोंदी आपोआप येतात, मालक मोबाइलवर उधारी बघतो आणि सीए आपल्या ऑफिसातून तीच खातवणी उघडतात. डेटाची फाइल मेलवर पाठवा, मग "कुठली फाइल शेवटची?" असं विचारा, हा प्रकार थांबतो.

खोडरबर काढून घेतलं, ते कुणी?

दुसरा धक्का कंपनी कायद्यातून आला. १ एप्रिल २०२३ पासून, सॉफ्टवेअरवर हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिट ट्रेल' असलीच पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे नोंद केव्हा झाली आणि पुढे तिच्यात कधी, काय बदल झाला, याची आपोआप राहणारी खूण. ती बंद करता येता कामा नये. ऑडिटरला आपल्या अहवालात त्यावर भाष्य करावं लागतं.

हा नियम पहिल्यांदा मार्च २०२१ मध्ये जाहीर झाला होता आणि दोनदा पुढे ढकलला गेला. का ढकलला गेला असेल, हे छोट्या धंद्याचा हिशेब जवळून पाहिलेल्या कुणालाही कळेल. मागच्या तारखेची नोंद घालणं, व्हाउचर उडवणं, स्टॉकचा आकडा 'बसवणं' या गोष्टी फसवणुकीसाठीच होतात असं नाही, आळसापोटीही होतात. पण आता त्या दिसतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबाचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर आणि रोजच्या रोज ठेवायचा. ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह म्हणजे सर्व्हर नव्हे. सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला पत्ताही रजिस्ट्रार ऑफ कंपनीजला कळवावा लागतो.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. एक, हे दोन्ही नियम कंपन्यांसाठी आहेत. तुमची प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्म असेल तर ते लागू होत नाहीत. पण धंदा वाढला, प्रायव्हेट लिमिटेड केली, की लगेच लागू होतात. दोन, यातला कुठलाही नियम 'क्लाउडवर जाच' असं म्हणत नाही. डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्येही ऑडिट ट्रेल मिळते. "सरकारने क्लाउड सक्तीचा केला आहे" असं कुणी सांगत असेल, तर ते विक्रीचं वाक्य समजा.

जाताना चुकलं तर काय होतं?

याचं एक मोठं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. बर्मिंगहॅम शहराच्या कौन्सिलने एप्रिल २०२२ मध्ये आपला आर्थिक कारभार जुन्या एसएपीवरून ओरॅकलच्या क्लाउड सॉफ्टवेअरवर हलवला. सुरुवातीचा अंदाज साधारण २ कोटी पौंडांचा होता. पुढे खर्चाचे अंदाज १० कोटी पौंडांच्या वर गेले आणि संपूर्ण व्यवस्था नव्याने बसवायची वेळ आली.

चुकलं कुठे? ठरलं असं होतं की सॉफ्टवेअर जसं आहे तसं घ्यायचं आणि आपली कामाची पद्धत बदलायची. प्रत्यक्षात उलटं झालं. जुन्या पद्धती तशाच ठेवण्यासाठी सॉफ्टवेअर वाकवलं गेलं. बँकेच्या नोंदी जुळवणारा भाग खास आपल्यासाठी बनवून घेतला होता, तोच नीट चालला नाही. आलेले पैसे कुठल्या खात्यातले, हे माणसांना हाताने जुळवत बसावं लागलं. ऑडिट करता येईल असा हिशेब वेळेत तयार होईना. गैरव्यवहार पकडायला मदत करणारी ऑडिटची सोय सुमारे दीड वर्ष चालूच केलेली नव्हती, हेही नंतर बाहेर आलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये कौन्सिलने आपण आर्थिकदृष्ट्या अडचणीत असल्याची अधिकृत नोटीस काढली. त्यामागचं मोठं कारण महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाच्या थकबाकीचं होतं. पण ओरॅकलच्या गोंधळाचाही त्यात उल्लेख होता.

कुठे बर्मिंगहॅमची कौन्सिल आणि कुठे शिरोलीची फाउंड्री? पण चूक तीच होते, फक्त आकडा लहान असतो. "आमच्याकडे बिल असंच निघतं", "आमच्या अण्णांना हाच फॉर्मॅट लागतो" असं म्हणत नव्या सॉफ्टवेअरवर जुनी पद्धत चढवली जाते. मग ते ना जुन्यासारखं चालतं, ना नव्यासारखं.

आणि सेवा देणारीच कंपनी बंद पडली तर?

२७ डिसेंबर २०२४. अमेरिकेतल्या हजारो छोट्या व्यावसायिकांचा हिशेब ऑनलाइन सांभाळणारी 'बेंच' ही कंपनी त्या दिवशी अचानक बंद झाली. वर्ष संपायला चार दिवस बाकी, डोक्यावर टॅक्स भरायचा हंगाम आणि लॉगिन केलं की बंद झाल्याची सूचना. आपला डेटा ७ मार्च २०२५ पर्यंत उतरवून घ्या, असं ग्राहकांना सांगण्यात आलं. काही दिवसांतच दुसऱ्या एका कंपनीने बेंच विकत घेतली, म्हणून बरेच जण वाचले. पण त्या दोन-चार दिवसांत ग्राहकांना कळलं की वर्षभराचा आपला हिशेब आपल्याकडे नाहीच.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात याहून विचित्र प्रकार घडला. युनिसुपर हा तिथला मोठा पेन्शन फंड, सहा लाखांवर सभासद. त्याचं गुगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड सबस्क्रिप्शनच चुकून डिलीट झालं. सुरुवातीला सेटिंग करताना एक गोष्ट रिकामी राहिली होती, एवढंच निमित्त. सेवा जवळपास आठवडाभर विस्कळीत झाली. फंड सावरला, त्यात दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचीही मोठी मदत झाली.

आणि एक उदाहरण अगदी आपल्या शेजारच्या गुजरातचं. जुलै २०२५ मध्ये युरोपीय महासंघाने वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. आपण पैसे भरून घेतलेल्या सेवा आणि आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर जात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा 'स्वदेशी सॉफ्टवेअर' हा विषय ट्रेंडिंगला आला होता. त्या वेळच्या चर्चेत नायराचं नाव वारंवार निघत होतं.

ही तीन कारणं अगदी वेगळी आहेत. एक कंपनी बुडाली, एका ठिकाणी चूक झाली, तर तिसऱ्या ठिकाणी राजकारण आडवं आलं. पण पैसे देणाऱ्या ग्राहकाची अवस्था तिन्हीकडे सारखीच झाली : त्याची काहीच चूक नसताना त्याला आत जाता येईना. 'क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे' हे अर्धंच खरं आहे. कॉम्प्युटर जळणं, पाणी शिरणं, व्हायरस येणं या जुन्या धोक्यांपासून क्लाउड नक्कीच वाचवतो. पण तो नवे धोकेही आणतो आणि त्यांवरचा उपाय तुम्हालाच करावा लागतो.

मग चावी कुणाकडे असते?

परदेशातल्या गोष्टी बाजूला ठेवू. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारा धोका यांपैकी कुठलाच नाही. तो आहे लॉगिनचा.

क्लाउड सॉफ्टवेअरमध्ये जो पहिलं खातं उघडतो, तो सहसा त्याचा 'ओनर' किंवा 'अॅडमिन' होतो. आपल्याकडे हे काम कोण करतं? अकाउंटंट, तोही स्वतःच्या खासगी जीमेलवरून. किंवा सॉफ्टवेअर बसवून देणारा एजंट. मालकाला युजरनेम माहीत नसतं आणि ओटीपी तिसऱ्याच माणसाच्या मोबाइलवर जातो. जीएसटी नोंदणीतही कित्येक ठिकाणी मोबाइल नंबर मालकाचा नसून टॅक्स कन्सल्टंटचा असतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल पोर्टलवर सगळ्यांनाच पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी लागू झाली. त्या वेळी ओटीपी नेमका कुणाच्या खिशात वाजतोय, हे अनेकांना पहिल्यांदा कळलं असेल.

जुन्या पद्धतीत अकाउंटंटशी बिनसलं तरी कॉम्प्युटर ऑफिसातच असायचा. क्लाउडवर मात्र तो माणूस जाताना हिशेबाची चावीच घेऊन जाऊ शकतो. म्हणून सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं या प्रश्नाआधी खातं कुणाच्या नावावर उघडायचं, हा प्रश्न येतो. उत्तर सोपं आहे : धंद्याच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवर. अकाउंटंटला नोंदी करायचा अधिकार द्या, सीएंना बघायचा आणि दुरुस्ती सुचवायचा द्या, पण ओनर मालकच राहू द्या. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. चार जण एकच पासवर्ड वापरत असतील तर ऑडिट ट्रेलमध्ये नाव दिसेल, पण हात कुणाचा होता ते कळणार नाही.

जायचं ठरलं तर काय करायचं?

सगळ्यात सोयीची तारीख १ एप्रिल. जुनं वर्ष जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करायचं आणि नवं नव्यात उघडायचं. आर्थिक वर्ष बदलताना बिलांची नवी मालिका तसंही सुरू करता येते, त्यामुळे एकच नंबर दोनदा पडायची भीती राहत नाही. मधल्या महिन्यात हलवायचंच असेल तर निदान तिमाही संपल्यावर हलवा.

सुरुवातीच्या शिलका चढवल्या की लगेच खूश होऊ नका. जुन्या सॉफ्टवेअरचं ट्रायल बॅलन्स आणि नव्याचं शेजारी ठेवून जुळवा. फक्त एकूण बेरीज जुळून चालत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारी बिलवार जुळली पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी "हे पैसे तर मी दिले होते" यावरून वाद होतील. एक-दोन महिने दोन्हीकडे हिशेब ठेवा. काम दुप्पट होतं हे खरं, पण चूक सापडायची हीच वेळ असते.

जुनं सॉफ्टवेअर लगेच काढून टाकू नका. जीएसटी कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायचा असतो, कंपन्यांसाठी ही मुदत ८ वर्षांची आहे. नोटीस येते ती मागच्या वर्षांची, त्यामुळे जुना डेटा उघडता आला पाहिजे.

आणि पैसे भरण्याआधी विक्रेत्याला हे विचारा : माझा सगळा डेटा, म्हणजे खातवणी, बिलं, जोडलेली कागदपत्रं आणि ऑडिट ट्रेल, मला एका झटक्यात उतरवून घेता येईल का? कुठल्या स्वरूपात? सर्व्हर भारतात आहे का? भाडं भरायला उशीर झाला तर किती दिवसांत लॉगिन बंद होतं आणि त्यानंतर डेटा किती दिवस ठेवता? उत्तर फोनवर घेऊ नका, लेखी घ्या. डेमोच्या वेळीच डेटा एकदा उतरवून बघा. मग दर महिन्याला तो उतरवून दुसरीकडे ठेवायची सवय लावा. युनिसुपरलाही दुसरीकडच्या बॅकअपची मोठी मदत झाली होती.

अकाउंटंटची नोकरी जाईल का?

बी.कॉम. झाल्यावर टॅलीचा क्लास लावायचा आणि एखाद्या दुकानात किंवा सीएंच्या ऑफिसात चिकटायचं, हा महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यातल्या हजारो मुलामुलींचा रस्ता आहे. बँकेच्या नोंदी आपोआप आल्या, बिलं थेट पोर्टलवर गेली, तर नुसतं एंट्री मारायचं काम कमी होणार, हे नाकारून चालणार नाही. पण पुरवठादाराने चुकीचं बिल टाकलं आहे हे ओळखणं, ते नाकारणं, त्याला फोन करून दुरुस्त करून घेणं, उधारीचा पाठपुरावा करणं, ही कामं वाढली आहेत. ती करायला माणूसच लागतो. ज्या मालकाने हे बदलाच्या आधी अकाउंटंटला विश्वासात घेऊन सांगितलं, त्याच्याकडे बदल नीट होतो. ज्याने सांगितलं नाही, त्याच्याकडे नव्या सॉफ्टवेअरला पहिला विरोध त्याच टेबलावरून होतो.

सगळ्यांनीच जायला हवं का?

नाही. गावातलं किराणा दुकान, दिवसाला मोजकी बिलं, एकच माणूस हिशेब बघतो आणि ई-इन्व्हॉइस लागू नाही, तर डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर आणि रोजचा एक ऑनलाइन बॅकअप पुरेसा आहे. जिथे इंटरनेट दिवसातून चारदा जातं, तिथे घाई करण्यात अर्थ नाही. पण दोन ठिकाणी काम चालतं, उलाढाल ५ कोटींकडे सरकते आहे, कंपनी करायचा विचार आहे किंवा बँकेकडे कर्जवाढ मागायची आहे, तर क्लाउडचा खर्च वसूल होतो.

निर्णय काहीही घ्या, पण आज एक काम करून बघा. तुमच्या धंद्याच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अॅडमिन कोण आहे आणि जीएसटीचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, एवढं शोधा. शोधायला फोन करावा लागला, तर चावी तुमच्याकडे नाही. आधी ती परत घ्या, क्लाउडचं नंतर बघू.